सगळ्यांचं धान चौदा

२३ ऑक्टोबर. भाऊबीज. सिहोरा.

शालूने ओवाळलं. दरवर्षी मी साडी देतो, दरवर्षी तिला रंग आवडत नाही. यंदा ताटात काहीच टाकलं नाही. म्हटलं, यंदा तुला सॉफ्टवेअर देतो.

पार्श्वभूमी : शालूच्या सासरची राइस मिल. धानात ओलावा जास्त असला की मिल धान परत करते, आणि परत गेलेला प्रत्येक माणूस म्हणतो की मीटर वाचणाऱ्याने मुद्दाम आकडा वाढवला. म्हणून त्यांनी नवीन मशीन घेतलं. मूठभर धान टाकायचं, आकडा थेट कॉम्प्युटरवर, कॉम्प्युटरवरून थेट पावतीवर. मधे माणूसच नाही. फक्त मशीन आणि मिलचा पावतीचा प्रोग्राम एकमेकांशी बोलत नाहीत. पावतीचा प्रोग्राम माझाच, जावामध्ये. मशीनवाल्या कंपनीने दिलंय ते सगळं सी भाषेत.

मी म्हणालो, एवढंच ना?

शालूची सासू देवकाबाई. मिलच्या चाव्या अजून त्यांच्याच कमरेला. त्या म्हणाल्या, 'होते का पण हे? नाही तं जुनं मीटर आहेच.' मी उत्तर द्यायच्या आधी शालूच बोलली : 'आई, दादा पुण्याले होता आठ वर्ष. त्याले येते.' देवकाबाई तिला म्हणाल्या, 'झालं तं मिलच्या ऑफिसात मंग तूच बसजो.' शालूचं बी.कॉम. लग्नानंतर डब्यात बंद होतं. तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आठवडा मागितला. काम दोन दिवसांचं आहे.

२५ ऑक्टोबर. साकोली, घरी. पहाटे ५.

नवे नियम. पाचला उठणे. सूर्यनमस्कार. मोबाइल बंद. काम.

सकाळी ९. नियम उद्यापासून. थंडी सुरू झाली आहे.

सकाळी ११. काम समजून घेतलं. मशीनचा डेटा म्हणजे एक मोठा डबा. त्यात नमुन्याचा नंबर, वेळ, आणि आत एक छोटा डबा : ओलावा, तापमान. सीमध्ये याला स्ट्रक्चर म्हणतात. डब्यात डबा, म्हणजे नेस्टेड स्ट्रक्चर. जावाला डबे कळत नाहीत, म्हणून आपण त्याला नकाशा काढून द्यायचा : इथे हे, इथे ते. बस.

एकच प्रश्न. मोठ्या डब्यात छोटा डबा खरोखर ठेवलेला असतो, की नुसती चिठ्ठी असते, की बाबा, छोटा डबा अमुक जागी आहे, तिकडे जाऊन बघ? चिठ्ठीला पॉइंटर म्हणतात. कंपनीने एक हेडर फाइल दिली आहे, त्यात लिहिलेलं असणार. ती फार मोठी आहे. अनुभवी माणसाला वाचायची गरज नसते. चिठ्ठीच असणार. चांगले प्रोग्रामर चिठ्ठीच ठेवतात.

२७ ऑक्टोबर.

नकाशा तयार. कंपनीने चाचणीसाठी दिलेल्या डेटावर रन केलं. प्रोग्राम गायब. एरर नाही, मेसेज नाही, खिडकीच नाहीशी. डेस्कटॉपवर बाराही महिने असतो तो धबधबा तेवढा दिसत होता.

पुन्हा रन. पुन्हा धबधबा.

कारण सापडलं : व्होल्टेज. हायवेवरच्या हॉटेलांनी दिवाळीची लायटिंग अजून काढलेली नाही.

२८ ऑक्टोबर.

व्होल्टेज नाही. अँटिव्हायरस. काढून टाकला.

खुशबूचा मेसेज, दिवाळीच्या शुभेच्छा. पुण्याला माझ्या हाताखाली ट्रेनी होती, आता तिथेच टीम लीड. हिला लूप मी शिकवला. विचारत होती, सर, सध्या काय चालू आहे? लिहिलं : नेटिव्ह इंटिग्रेशन. तिने लगेच लिहिलं, अरे वा, आम्ही वर्षभर तेच करतोय, अडलं तर सांगा. अंगठा पाठवला. अडायला काय झालंय?

३१ ऑक्टोबर.

अँटिव्हायरसही नव्हता. आता कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, तो वेगळा विषय.

क्रॅश झाल्यावर जावा एक लांबलचक लॉग फाइल टाकून जातं. वाचली. सारांश : जिथे जायला नको त्या मेमरीत तुम्ही गेलात. म्हणजे दोष मेमरीचा.

नकाशातल्या रकान्यांचा क्रम बदलून पाहिला. एकदा क्रॅश झाला नाही! ओलावा आला : उणे एक लाख चौतीस हजार टक्के. धान कितीही सुकवलं तरी एवढं सुकत नाही, पण दिशा बरोबर वाटते.

सूर्यनमस्कार नोव्हेंबरपासून. महिना अर्धवट असताना सुरू करू नये.

३ नोव्हेंबर.

शालूचा फोन. कापण्या सुरू झाल्या, ट्रॉल्या येऊन राहिल्या, 'दादा, तू कधी येऊन राहिला?' म्हटलं, फायनल टेस्टिंग. म्हणाली, 'आईनं खुर्ची आणली माह्यासाठी. फिरती.' आणि हसली. लहानपणी नवीन कंपासपेटी मिळाली की असंच हसायची.

फोन ठेवल्यावर टेबल आवरायला घेतलं. पसाऱ्यात काम नीट होत नाही.

४ नोव्हेंबर.

एआयला विचारलं. त्याने तीन उत्तरं दिली, तिन्ही वेगळी, तिन्ही ठामपणे. स्वभाव ओळखीचा वाटला. चौथ्यांदा म्हणाला, हेडर फाइल दाखवा. कंपनीची गोपनीय वस्तू मी अशी कोणालाही दाखवत नाही.

५ नोव्हेंबर.

यश!

एक सेटिंग सापडली. जावा डबा आपोआप उघडून वाचतं, ते वाचणंच बंद करता येतं. बंद केलं. क्रॅश बंद! प्रोग्राम सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू. धबधबा दिसला नाही.

फक्त ओलाव्याच्या जागी शून्य येतं. ते बरं दिसत नाही म्हणून त्या रकान्यात तात्पुरतं चौदा टाकून ठेवलं. चौदा हा चांगल्या वाळलेल्या धानाचा आकडा. वर कॉमेंट लिहिली : हे नंतर बघणे. शिस्त ती शिस्त.

शालूला कळवलं : शनिवारी येतो. झालं.

८ नोव्हेंबर. सिहोरा.

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

मशीनला हार, कॉम्प्युटरला कुंकू, नारळ. अंगणात पाच-सहा ट्रॉल्या उभ्या. शालू फिरत्या खुर्चीत बसली, पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. जावई, म्हणजे तुलाराम, पहिल्या ट्रॉलीतली मूठ घेऊन आले. मशीनमध्ये टाकली. पडद्यावर आकडा उमटला : १४.०. पावती कर्र करत बाहेर. टाळ्या. धानवाला पावती उलटीसुलटी करून म्हणाला, 'आता मशीन बोलली, माणूस नाही. आता कोणाची तक्रार नाही.'

दुसरी ट्रॉली, १४.०. तिसरी, १४.०.

आकडा पाहून क्षणभर काहीतरी आठवल्यासारखं झालं. तेवढ्यात देवकाबाईंनी पेढा हातात ठेवला आणि म्हणाल्या, 'पोरीनं सांगतलं तसाच निघाला तू.' राहून गेलं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पुण्याची नोकरी सुटली (मी सोडली), तेव्हा साकोलीत लोक विचारायचे की इथे बसून काय करशील? विचारा आता.

१२ नोव्हेंबर.

शालूचा फोन. मिलमध्ये गर्दीच गर्दी. पलीकडच्या गावांचे लोकही धान सिहोऱ्याला आणून राहिले. या मिलचं मशीन प्रामाणिक आहे, अशी बातमी पसरली. जावई खूश. गोदाम भरत आलं.

शेवटी म्हणाली, 'दादा, एक विचारू? सगळ्यायचंच चौदा येऊन राहिलं.'

मी म्हणालो, याला कन्सिस्टन्सी म्हणतात.

'काल एकाची धानाची चुंगडी ओली होती. हात लावला तं हाताले पाणी लागलं. त्याचंही चौदा?'

मी म्हणालो, वरून ओली असेल. मशीन आतलं बघतं.

ती म्हणाली, 'हो का? बरं. तुले जास्त मालूम.'

१३ नोव्हेंबर. सकाळ.

सहज म्हणून कोड उघडला. कॉमेंट दिसली. हे नंतर बघणे.

दुपार.

काही लिहावंसं वाटत नाही. लिहितो. मशीनने आजवर एकही दाणा मोजलेला नाही. ते मोजतं, पण आम्ही ऐकत नाही. पावतीवर जे छापून जातं ते मी बुधवारी इथे बसून टाइप केलेलं आहे.

संध्याकाळ.

शांतपणे विचार केला. आत्ता फोन करून सांगितलं तर शालूची खुर्ची जाईल. तेव्हा आधी दुरुस्त करायचं, मग सांगायचं. किंबहुना दुरुस्त झाल्यावर सांगायची गरजच काय? उद्या दुपारपर्यंत होईल.

१४ नोव्हेंबर.

झालं नाही. वाचणं चालू केलं की क्रॅश. बंद केलं की चौदा.

जावा नवीन टाकलं. क्रॅश. जुनं टाकलं. क्रॅश. विंडोज पुन्हा टाकलं. धबधबा गेला, आता डोंगर आहे. क्रॅश.

१५ नोव्हेंबर.

टेबल पूर्वेकडे तोंड करून लावलं. विश्वास नाही माझा असल्या गोष्टींवर. क्रॅश.

कंपनीच्या सपोर्टला फोन. त्यांनी विचारलं, हेडर फाइल वाचली का? मी म्हणालो, अर्थात. ते म्हणाले, मग प्रश्न नको होता यायला. मी म्हणालो, तेच तर.

मग वाचायला बसलो. खरंच बसलो. पण आता प्रत्येक ओळीवर वाटत होतं की सिहोऱ्याला या क्षणी एक ट्रॉली आत जाते आहे. दुसऱ्या पानावर अक्षरं हलायला लागली. बंद केली.

शालूला फोन करून म्हटलं, दोन दिवस जरा जुनं मीटर वापरा, अपडेट येतंय. ती म्हणाली, 'आता कसं वापरू? लोकं मशीनसाठीच तं येऊन राहिले. जुनं काढलं तं म्हणतील का हे लबाडी करतात.'

१७ नोव्हेंबर.

सकाळी शालूचा फोन. आवाज बारीक.

गोदामातून वास येत होता म्हणून जावयांनी ढिगात हात घातला. कोपरापर्यंत. आणि काढून घेतला. आत गरम. फावड्याने ढीग उकरला तर वाफ निघाली. आतलं धान काळं पडलेलं, काही दाण्यांना पांढरे कोंब. ओल्यासोबत ज्यांनी वाळवून आणलं होतं त्यांचंही गेलं. सगळं एकत्रच ओतलं होतं, सगळं चौदाच होतं ना.

देवकाबाईंनी विचारलं, ऑफिसात कोण बसत होतं?

मी विचारलं, मग तू काय सांगितलं?

शालू म्हणाली, 'मी म्हटलं, माह्याच हातानं कोणतंतरी बटण दाबल्या गेलं असन.'

मी म्हणालो, का? असं कायले सांगितलं?

'मंग काय सांगू? तुले मी आणलं.'

आणि फोन ठेवून दिला. मशीन खराब आहे का, हे तिने मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. कन्सिस्टन्सी वगैरे.

१८ नोव्हेंबर.

सिहोऱ्याला जायला निघालो. तुमसरपर्यंत गेलो. पुढची बस लागली होती, पण चहा गरम होता. दुसरी बस आली, तिला गर्दी होती. तिसरीत जागा होती, कंडक्टर ओळखीचा, त्याने हाकही मारली. मी मान हलवली आणि फलकावरच्या वेळा वाचत उभा राहिलो.

मग परत साकोली.

कोणालाही सांगताना बस चुकली असं सांगेन. इथे काय लिहू? चुकली.

१९ नोव्हेंबर.

सकाळी खुशबूला फोन केला. आधी तब्येत, मग हवामान, मग तिच्या टीमची चौकशी. ती म्हणाली, सर, काय झालं? मी म्हणालो, एका ओळखीच्या माणसाला प्रॉब्लेम आलाय. त्याचं नेस्टेड स्ट्रक्चर.

ती म्हणाली, हेडर उघडा आणि मला ती ओळ वाचून दाखवा.

उघडली. शोधली. छोट्या डब्याचं नाव वाचलं.

ती म्हणाली, नावाच्या आधी स्टार आहे का? तारा?

पाहिलं. डोळे पुसून पुन्हा पाहिलं. नाही.

ती म्हणाली, मग पॉइंटर नाहीच तो. छोटा डबा मोठ्या डब्यातच ठेवलेला आहे. तुमच्या ओळखीच्यांनी चिठ्ठी समजून उघडला. म्हणजे ओलाव्याचा आकडाच पत्ता समजून ते मेमरीत भलतीकडे जात होते. क्रॅश होणारच ना, सर. जावामधला एक शब्द काढायला सांगा त्यांना. बाय रेफरन्स.

काढला. वाचणं चालू केलं. कंपनीने चाचणीसाठी दिलेल्या डेटातला एक नमुना लावला. ओलावा १५.८. पुन्हा दुसरा. १३.१. तिसरा. १९.४. एकही क्रॅश नाही.

मी ते तीन आकडे पुन्हा पुन्हा वाचत होतो. ती म्हणाली, सर, आहात ना? असं सगळ्यांचंच होतं हो. माझंही झालं होतं.

मी म्हणालो, खुशबू, ओळखीचा माणूस मीच.

ती म्हणाली, हो सर.

२० नोव्हेंबर. सिहोरा.

पहिल्या बसने आलो. मिलच्या अंगणात धान पसरलेलं, माणसं पायाने फिरवत होती. वास फाटकापासूनच. शालू ऑफिसात नव्हती. फिरत्या खुर्चीवर सुतळीचे गठ्ठे ठेवले होते. ती स्वयंपाकघरात, पाठमोरी.

वाटेत मी एक छान वाक्य तयार केलं होतं. त्यात 'तांत्रिक विसंगती' होती, 'दोन्ही बाजूंनी' होतं. देवकाबाईंसमोर उभा राहिलो आणि ते आठवेना. म्हणालो, आई, शालूनं काहीच दाबलं नव्हतं. चौदा मी लिहिलं होतं. मशीनशी मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी माझ्याच मनानं चौदा लिहिलं. आणि मला कळल्यावरही मी सांगितलं नाही.

तुलारामनी हातातला टोपला खाली ठेवला. म्हणाले, 'कधी कळलं तुमाले?'

तेरा तारखेला.

त्यांनी गोदामाकडे पाहिलं. म्हणाले, 'तेराले सांगतलं असतं तं अर्धं वाचलं असतं, दादा.' ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

देवकाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. स्वयंपाकघराच्या दारात गेल्या आणि आत म्हणाल्या, 'शालू, परवापासून पोटात काही नाही तुह्या. ये, जेवून घे माह्यासंगं.' शालू पदराला हात पुसत बाहेर आली, मला पाहिलं, आणि त्यांच्या शेजारी पाटावर बसली.

मला कोणी जेव म्हणालं नाही. भूक होती.

२१ नोव्हेंबर. सिहोरा.

सकाळी नवीन प्रोग्राम टाकला. देवकाबाई म्हणाल्या, शालूसमोर चालव, तिले पटलं तं ठेव. शालूने खुर्चीवरचे गठ्ठे काढले, पण बसली नाही. गोदामातल्या ढिगातून स्वतः मूठ आणली आणि मशीनमध्ये टाकली.

पडद्यावर २२.४.

क्षणभर इतका आनंद झाला की सांगता येत नाही. पॉइंट चारसुद्धा! सी मधून निघून, डब्यातून डब्यात, जावामध्ये, पावतीवर. माझं पहिलं खरं काम. शालूकडे पाहिलं. ती जुनं मीटर घेऊन आली होती. त्याच मुठीतले दाणे त्यात घातले, हातात धरून थांबली, मग माझ्यापुढे केलं. साडेबावीसच्या जरा खाली काटा.

'बरोबर आहे,' म्हणाली.

सतरा तारखेच्या फोननंतर माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी म्हणालो, शालू, आता याच्यापुढे एक छोटं मोबाइल ॲप केलं तर...

तिने दाराशी टेकवलेलं फावडं माझ्या हातात दिलं आणि ढिगाकडे बोट केलं.

दुपारपर्यंत उलथत होतो. तळहाताला फोड आले. ढीग आहे तेवढाच दिसतो. आत्ता बोलावणं आलं, चहा झाला म्हणून. कोणी आवाज दिला ते कळलं नाही.